कॅमेरा सुरू की बंद? ऑनलाइन पुनर्वसन समुपदेशनात हे ठरवायचं कुणी?

गडमुडशिंगीहून कोल्हापूर शहर तसं हाकेच्या अंतरावर आहे. विमानतळ शेजारी, गांधीनगरची बाजारपेठ शेजारी, गोकुळ शिरगावची एमआयडीसीही जवळ. धडधाकट माणूस गाडीला किक मारतो आणि थोड्या वेळात सीपीआरच्या दारात पोहोचतो. पण अपघातात ज्याच्या मणक्याला मार लागलाय, त्याला तेवढ्याच अंतरासाठी दोन माणसं उचलायला लागतात, रिक्षावाला ओळखीचा लागतो आणि भावाचा एक दिवसाचा पगार बुडतो. पक्षाघातानंतर जिची जीभ जड झालीय त्या अम्मीची, दारू सोडून दोन महिने झालेल्या मुलाची किंवा ऐकू न येणाऱ्या मुलीचीही गत थोड्याफार फरकाने हीच. डॉक्टर सांगतात, "औषध चालू ठेवा आणि समुपदेशनाला या." औषध घरी येतं. समुपदेशन राहून जातं.

ऑनलाइन समुपदेशनाने यावर उपाय निघाला, असं आपण म्हणतो. निघालाही. पण तिथे एक नवीन अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. फोन लागतो, पलीकडून समुपदेशक म्हणतात, "कॅमेरा ऑन करा." इथून माणूस गप्प होतो. घरात एकच खोली, मागे दोरीवर कपडे वाळत टाकलेले, अंगावर घरचे कपडे. परक्या पुरुषाला आपला चेहरा आणि आपलं घर दाखवायचं का, हा प्रश्न. पुढच्या वेळी फोन उचललाच जात नाही. समुपदेशकांच्या वहीत "सहकार्य नाही" अशी नोंद होते आणि घरचे म्हणतात, "आम्ही केलं ना सगळं, त्यालाच नको आहे."

खरं तर त्याला समुपदेशन नको नसतं. कॅमेरा नको असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुनर्वसन समुपदेशन म्हणजे काय

"समुपदेशन" म्हटलं की आपल्याकडे लोकांना वेड्यांचं इस्पितळ आठवतं. पुनर्वसन समुपदेशन त्याहून बरंच साधं आणि जमिनीवरचं असतं. आजार, अपघात किंवा व्यसनानंतर आयुष्याची घडी परत कशी बसवायची, याचं ते बोलणं. कामावर परत जाता येईल का, कोणतं काम जमेल, चिडचिड का होते, बायकोशी बोलणं का तुटलं, लघवीच्या पिशवीची लाज कशी सांभाळायची, लग्नाचं काय. यातल्या निम्म्या गोष्टी माणूस सख्ख्या भावाशीही बोलत नाही.

कोल्हापूरकरांना हे नवीन वाटायला नको. गडमुडशिंगीच्या जवळच उचगावात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचं काम उभं राहिलं. १९८४ साली ही संस्था स्थापन करणाऱ्या नसीमा हुरझूक, म्हणजे सगळ्यांच्या नसीमादीदी. ऐन उमेदीच्या वयात कमरेखालची ताकद गेली, आणि पुढे त्यांनी हजारोंना उभं राहायला शिकवलं. त्यांचं आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ अनेक मराठी घरांत वाचलं गेलंय. नैराश्याच्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. तेही स्वतः चाकाच्या खुर्चीवर, तरीही स्वतःच्या बळावर जगणारे. त्या भेटीने त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं.

हा प्रसंग इथे मुद्दाम आठवतोय. त्या भेटीत बाबूकाका काय बोलले यापेक्षा ते दिसले, हे मोठं होतं. आपल्यासारखाच एक माणूस खुर्चीवर बसून हसतोय, कामधंदा करतोय, हे डोळ्यांनी पाहणं. व्हिडिओचा खरा फायदा कुठे आहे हे यावरून कळतं. समुपदेशकाने आपल्याला पाहण्याइतकंच, आपल्याला कुणाला तरी पाहता येणं मोलाचं असतं. अडीचशे किलोमीटरवरचा, आपल्यासारख्याच दुखापतीतून सावरलेला माणूस पडद्यावर खुर्चीतून पलंगावर कसा सरकतो हे दाखवू शकतो. आणि गंमत म्हणजे त्यासाठी आपला कॅमेरा सुरू असण्याची अजिबात गरज नसते.

चेहरा न बघताही बोलणं होतं

चेहरा दिसल्याशिवाय समुपदेशन होतच नाही, असं काही समुपदेशकांना वाटतं. इतिहास वेगळं सांगतो. १९५३ साली लंडनमध्ये चाड वॅरा या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. तीच पुढे समॅरिटन्स म्हणून ओळखली गेली आणि ती मुख्यतः आवाजावर चालली. दुसरीकडे, अमेरिकेत नेब्रास्कामधल्या मानसोपचार संस्थेत त्याच दशकात दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टीव्हीवरून गट उपचार सुरू झाले होते. म्हणजे आवाज आणि चित्र हे दोन्ही रस्ते जवळपास एकाच वयाचे आहेत. आपल्या देशात चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने २०१० मध्ये पुदुक्कोट्टई जिल्ह्यात एक बसच फिरती केली. गावातल्या रुग्णाने बसमध्ये बसायचं आणि चेन्नईतल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलायचं. ही कल्पना मला फार आवडते. घर छोटं असेल तर बोलण्याची खोलीच दारात आणून उभी करायची.

सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. तीही मुळात आवाजाचीच. व्हिडिओची सोय दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडक राज्यांपासून सुरू करण्यात आली. पहिल्यांदा ऐकायचं, गरज पडली तर बघायचं. हा क्रम मला योग्य वाटतो आणि घरगुती पातळीवरही तोच धरावा.

व्हिडिओचा थकवा ही काही आपल्या गावंढळपणाची खूण नाही, हेही सांगायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली. समोरचा चेहरा नको तितका जवळून एकटक बघत असतो. स्वतःचा चेहरा सतत आरशासारखा समोर दिसतो. चौकटीत राहायचं म्हणून अंग आखडून बसावं लागतं. आणि हावभाव समजून घ्यायला डोक्याला जास्त कष्ट पडतात. त्याच विद्यापीठाच्या पाहणीत खूप जास्त थकवा येतो असं सांगणाऱ्या स्त्रिया १३.८ टक्के निघाल्या आणि पुरुष ५.५ टक्के. हे सगळं धडधाकट, नोकरी करणाऱ्या लोकांबद्दल. मग ज्याला पाठीच्या कण्यात कळ मारते, ज्याचा चेहरा भाजलाय, पक्षाघाताने ज्याचं तोंड एका बाजूला झुकलंय, त्याला स्वतःचाच चेहरा पाऊण तास समोर बघत बसणं काय वाटत असेल?

याला एक सोपा उपाय आहे. झूम आणि गूगल मीटमध्ये स्वतःची चौकट लपवता येते. समोरच्याला आपण दिसतो, आपल्याला आपण दिसत नाही. घरातल्या शाळकरी पोराला सांगा, दोन मिनिटांत करून देईल. एवढ्यानेच अनेकांचा अवघडलेपणा निम्मा होतो.

पण काहींना व्हिडिओच हवा

आता दुसरी बाजू. "आमच्यात व्हिडिओ चालत नाही" असं सरसकट म्हणून कुटुंबाने दार लावून घेतलं, तर नुकसान आपल्याच माणसाचं.

ज्याला ऐकू येत नाही आणि जो खुणांच्या भाषेत बोलतो, त्याच्यासाठी व्हिडिओ बंद म्हणजे तोंडच बंद. इथे पर्याय नाही. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, हात चौकटीत दिसायला हवेत, अंगावरचे कपडे साधे एकरंगी असावेत म्हणजे बोटं उठून दिसतात. दुभाषा लागत असेल तर तो बाहेरचा, शिकलेला असावा. मोठ्या बहिणीने मध्ये बसून अर्थ सांगायचा ही आपली नेहमीची पद्धत, पण सतरा वर्षांची मुलगी बहिणीच्या तोंडून काय बोलणार? जे बहिणीबद्दलच सांगायचं असेल, ते तर राहिलंच. मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगांसाठी १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांचं नाव दिलंय. आपल्यातल्या किती घरांना ती माहीत आहे, कोण जाणे.

पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत अशा माणसालाही समोरच्याचे ओठ आणि चेहरा दिसला तर मदत होते. मात्र पाऊण तासाची बैठक त्याला झेपत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे मागून घ्या.

दृष्टिहीन माणसाचं उलटं. त्याला पडद्यावरचं काही दिसत नाही, पण तो स्वतः दिसत असतो, आणि आपण दिसतोय की नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून समुपदेशकाने सुरुवातीलाच तोंडाने सांगायला हवं: "तुमचा कॅमेरा आत्ता सुरू आहे, माझ्या खोलीत मी एकटीच आहे." नाही सांगितलं तर आपण विचारायचं. त्यात काही उद्धटपणा नाही.

आणि एक वापर असा आहे जो घरोघरी उपयोगी पडेल. कॅमेरा चेहऱ्याकडे न धरता घराकडे धरायचा. संडासाचं दार किती रुंद आहे, उंबरा किती उंच, पलंग आणि खुर्ची यांच्या उंचीत किती फरक, स्वयंपाकघराचा ओटा बसून काम करता येईल असा आहे का. समुपदेशकाच्या केबिनमध्ये बसून हे शंभर प्रश्न विचारले तरी नीट कळत नाही. फोन हातात धरून पाच मिनिटं फिरवला की कळतं. त्या पाच मिनिटांपुरता व्हिडिओ, मग परत नुसता आवाज. घरातल्या बायकांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

मला वाटतं सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. कॅमेरा कशासाठी हवाय हे समुपदेशकाने सांगावं, आणि सुरू करायचा की नाही हे ज्याचं समुपदेशन आहे त्याने ठरवावं. दर वेळी नव्याने. आज हो म्हटलं म्हणजे पुढच्या मंगळवारीही हो असं नाही. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायची, आणि परत जा म्हटलं तर परत फिरायचं, हा अदब आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो. कॅमेरा हेही घराचं दारच आहे.

पर्दा पाळणाऱ्या स्त्रीने महिला समुपदेशक मागितली तर तो हट्ट नव्हे. चेहरा झाकून बोलायचं असेल तर तसं, नुसते हात दिसतील असा फोन ठेवायचा असेल तर तसं. म्हणायचं एवढंच: "मॅडम, आज कॅमेरा बंद ठेवते, आवाजावरच बोलू." चांगल्या समुपदेशकाला यात काही वावगं वाटत नाही. उलट कॅमेरा बंद असताना त्यांनी मधूनमधून "हं, ऐकतेय" असं म्हणत राहायला हवं, कारण फोनवरची शांतता फार लांब वाटते. माणसाला वाटतं, लाइन गेली की काय, नाहीतर आपण काहीतरी भलतंच बोललो.

दाराच्या अलीकडचे कान

कॅमेऱ्याची एवढी चर्चा केली, पण खरं सांगायचं तर आपल्या घरांत मोठी अडचण पडद्यापलीकडच्या माणसाची नसतेच. ती दाराच्या अलीकडची असते.

दोन खोल्यांचं घर, त्यात दादी, दोन भाऊ, त्यांची मुलं. सून समुपदेशकाशी बोलतेय आणि सासूबाई बाजूला लसूण सोलत बसल्यात. अब्बू म्हणतात, "आमच्यापासून काय लपवायचं?" प्रेमानेच म्हणतात. पण नशा सोडू बघणारा मुलगा "काल परत प्यावंसं वाटलं" हे वाक्य अब्बूंसमोर बोलणार नाही, आणि नेमकं तेच वाक्य बोलायला त्याला समुपदेशक हवा असतो. तो म्हणेल, "सगळं ठीक आहे." अर्धा तास "सगळं ठीक आहे" ऐकून समुपदेशकही फोन ठेवतील.

घरच्यांनी द्यायची मदत म्हणजे शेजारी बसणं नव्हे, आठवड्यातून पाऊण तास एकांत देणं. पोरं मकतबला गेलेली असतात ती वेळ, किंवा पुरुष मंडळी इशाच्या नमाजला गेल्यावर. टीव्ही सुरू ठेवला की बाहेर आवाज कमी जातो. वायरचा इअरफोन लावला तर निदान समुपदेशकाचं बोलणं खोलीभर होत नाही. जागाच नसेल तर समुपदेशकाशी आधी ठरवून घ्या: "मी फक्त हो-नाही म्हणेन, प्रश्न तुम्ही तसे विचारा." कुणी खोलीत आलं तर विषय बदलायचा इशारा काय, तेही ठरवा. "औषध संपलंय" एवढं म्हटलं तरी पुरे. आणि लाइन तुटली तर परत फोन कुणी करायचा, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं, नाहीतर दोघं एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही एंगेज लागतो.

घरच्यांशी बोलायची वेळ वेगळी मागता येते. बायको, आई यांनाही समुपदेशनाची गरज असते, कधीकधी जास्तच. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात कुटुंबालाही उपचाराचा भाग मानलं जातं. फक्त दोघांची खिचडी एका फोनवर नको.

कायदा काय म्हणतो

२५ मार्च २०२० ला केंद्राने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. व्हिडिओ, आवाज आणि लेखी संदेश या तिन्ही पद्धती त्यात मान्य आहेत. त्या डॉक्टरांसाठी आहेत, समुपदेशकांना थेट लागू नाहीत. पण डॉक्टरसुद्धा नुसत्या आवाजावर सल्ला देऊ शकतात, हे त्यातून कळतं. काही औषधं पहिल्यांदा लिहायची तर मात्र व्हिडिओ लागतो, आणि नशा आणणाऱ्या काही नियंत्रित औषधांची चिठ्ठी ऑनलाइन मिळतच नाही. डॉक्टरांनी अशा वेळी कॅमेरा मागितला तर त्याला कारण आहे, असं समजा. अल्पवयीन मुलासोबत प्रौढ व्यक्ती हवी, हाही नियम त्यातलाच.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि संगणकात वा फोनमध्ये साठवलेल्या माहितीलाही तो लागू आहे. म्हणून पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात: हे बोलणं रेकॉर्ड होतंय का, तुमच्या खोलीत आणखी कुणी आहे का, आणि तुमचा नोंदणी क्रमांक काय. पुनर्वसन क्षेत्रातल्या मानसशास्त्रज्ञांची, वाचा आणि श्रवण तज्ज्ञांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर चिडणाऱ्या माणसापासून लांब राहिलेलं बरं. आपणही बैठकीचे स्क्रीनशॉट काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकू नयेत. "बघा, आमचा भाईजान किती सुधारला" म्हणून टाकलेला फोटो भाईजानला विचारून टाकलेला नसतो.

कुठे ऑनलाइन पुरत नाही

काही वेळा व्हिडिओ की आवाज हा वादच बाजूला ठेवून गाडी काढायची असते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आणि हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, नसलेली माणसं दिसायला लागली किंवा फिट आली, तर ते जिवावर बेतू शकतं. थेट हॉस्पिटल. मणक्याच्या रुग्णाला पाठीवर किंवा बैठकीवर जखम झाली तर लाजेपोटी लपवू नका, आणि तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निभावूनही नेऊ नका. नर्सला प्रत्यक्ष दाखवा. बेडसोअर आतून किती खोल गेलाय हे फोटोत कळत नाही. जीव द्यायच्या गोष्टी कुणी बोलत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. अशा वेळी एकांताचा नियम लागू नाही. समुपदेशकाकडे घरातल्या एका माणसाचा नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता आधीपासून लिहून दिलेला असावा तो याचसाठी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची तपासणीही प्रत्यक्षच होते.

बाकी रोजच्या बोलण्याला फोन पुरतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, शहराकडे जाणं-येणं अवघड झालं. अशा दिवसांत आठवड्याची बैठक चुकू नये म्हणून पावसाळ्यापूर्वीच समुपदेशकांना सांगून ठेवावं की नेट गेलं तर साध्या फोनवर बोलू. साध्या कॉलला डेटा लागत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांनाही हा रस्ता मोकळा आहे.

पहिला फोन कुठे करायचा, असं विचाराल तर १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा नंबर आहे. दोन्हीकडे पहिल्या फोनला चेहरा दाखवावा लागत नाही. ज्याचा प्रश्न आहे त्यालाच फोन लावू द्या, आणि तो बोलत असताना तेवढा वेळ अंगणात जाऊन बसा.